घोटभर पुरो

डॉक्टर म्हणाले, "घरात तुमचे बाबा जे जे काही घेतात ते सगळं उद्या घेऊन या. गोळी, पूड, काढा, काही म्हणजे काही मागे ठेवू नका." दुसऱ्या दिवशी सकाळी मी डिचोलीच्या घरातला बिस्किटांचा निळा पत्र्याचा डबाच उचलला आणि मांडीवर घेऊन पणजीच्या बसमध्ये बसले. हा डबा काकाने पंचवीस वर्षांपूर्वी मस्कतहून आणलेला. बिस्किटं आठवड्यात संपली, मग त्यात आईचा सुई-दोरा आला आणि गेल्या पाच-सहा वर्षांत सुया बाहेर पडून बाबांची 'ताकद' आत राहायला आली.

डॉक्टरांनी टेबलावर कालचा पेपर पसरला आणि डबा त्यावर उपडा केला. कॅल्शियमच्या गोळ्या, बी-कॉम्प्लेक्स, माशाच्या तेलाच्या पिवळ्याजर्द कॅप्सूल, हळद-मिरीच्या कॅप्सूल, अश्वगंधा, शेवग्याच्या पानांची पूड, वजन घटवणाऱ्या गोळ्यांची एक अर्धी बाटली, आणि तळाशी रबर लावून नीट रचलेली रिकामी पाकिटं. आमचे बाबा निवृत्त प्राथमिक शिक्षक. लग्नपत्रिकेची कोरी बाजूही ते टाकत नाहीत, हिशेबाला वापरतात. औषधाची रिकामी पाकिटं जपण्यामागे काय विचार होता ते त्यांनाच ठाऊक, पण त्या सवयीनेच निदान पक्कं झालं. डॉक्टरांनी ती पत्त्यांसारखी मोजली. चौऱ्याण्णव.

प्रत्येक पाकिटात ड जीवनसत्त्वाची ६०,००० युनिटं होती. लिहून दिली होती आठवड्याला एक, अशी आठ आठवडे. बाबा रोज एक घेत होते.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात त्यांची भूक गेली. पाऊस नुकताच लागला होता, तेव्हा हवा बदलली म्हणून होत असेल असं आम्ही म्हटलं. मग उलट्या, बद्धकोष्ठ, आणि तहान तर अशी की रात्री उशाशी ठेवलेला तांब्या दोनदा भरावा लागे. त्यानंतर बोलणं भरकटायला लागलं. मला ते आत्याच्या नावाने हाक मारू लागले. शाळेची घंटा झाली का म्हणून विचारू लागले. मी घाबरून, वेडीवाकडी परीक्षा घ्यावी तशी, त्यांना विचारलं, "बाबा, बारा साते?" चाळीस वर्षं पोरांकडून पाढे घोकून घेतलेला माणूस माझ्याकडे बघत राहिला. त्यांना उत्तर आठवत नव्हतं. त्याहून वाईट म्हणजे, आपल्याला ते आठवायला हवं याचीही त्यांना जाणीव नव्हती.

आम्हाला वाटलं मेंदूत काही झालं. निघालं रक्तातलं कॅल्शियम: १३.८. ते साडेदहाच्या आत असायला हवं. ड जीवनसत्त्वाचं काम आतड्यातून कॅल्शियम शोषून घ्यायला लावणं. ते बेसुमार झालं की कॅल्शियमही बेसुमार होतं, आणि त्याचा मारा मूत्रपिंडावर आणि मेंदूवर होतो. इस्पितळाच्या बाकावर बसून मी त्याच पेपरच्या कोपऱ्यात हिशेब केला. ९४ गुणिले ६०,००० म्हणजे छप्पन्न लाख चाळीस हजार युनिटं. त्यांच्या वयाच्या माणसाला दिवसाला साधारण ८०० लागतात. भागाकार केला आणि पुन्हा एकदा करून पाहिला. एकोणीस वर्षांचा साठा बाबांनी तीन महिन्यांत पोटात घातला होता.

गोव्यात याला एक नेमका शब्द आहे, पुरुमेंत. पोर्तुगीज 'प्रोव्हिमेंतु'वरून आलेला. मे महिन्यात पावसाळ्याची बेगमी करतात ती. सुकी सुंगटं, सुके बांगडे, सोलं, मिरच्या, मीठ, चिंच, कांद्यांच्या माळा. जून-जुलैत यांत्रिक होड्यांना मासेमारीची बंदी असते, पूर्वी तर रस्तेही तुटत, तेव्हा घर याच साठ्यावर चाले. शरीरही पुरुमेंत करतं. अ, ड, ई आणि के ही जीवनसत्त्वं चरबीत विरघळतात, आणि विशेषतः अ आणि ड शरीर साठवून ठेवतं. ब गटातली सगळी आणि क पाण्यात विरघळतात, त्यांतल्या बहुतेकांचं जास्तीचं बरंचसं लघवीवाटे निघून जातं. बी-कॉम्प्लेक्स घेतल्यावर लघवी पिवळीधमक होते ती त्यामुळेच. माझा एक भाचा त्याला महागडी लघवी म्हणतो. ड मात्र जात नाही, कोठीत बसून राहतं. म्हणून बाबांच्या गोळ्या त्या दिवशी थांबल्या तरी कॅल्शियम पुरतं खाली यायला ऑगस्ट उजाडला.

मला सर्वांत जास्त कशाचं आश्चर्य वाटलं असेल तर ते उन्हाचं. आपली कातडी उन्हात ड जीवनसत्त्व तयार करते हे शाळेत शिकलो होतो. पण पुरेसं झालं की तेच ऊन कातडीतला जास्तीचा कच्चा माल मोडून निरुपयोगी करून टाकतं, हे माहीत नव्हतं. म्हणून दिवसभर नांगर धरणाऱ्या शेतकऱ्याला किंवा रांपणीचं जाळं ओढणाऱ्या रांपणकाराला उन्हामुळे ड जीवनसत्त्वाची बाधा होत नाही. कातडीला 'पुरो' म्हणता येतं. पाकीट कातडीला वळसा घालून थेट पोटात जातं, तिथे पुरो म्हणणारं कुणी नाही.

सुरुवात कशी झाली तेही सांगायला हवं, कारण त्यात बाबांची चूक जेवढी वाटते तेवढी नाही. कुठल्याशा शिबिरात रक्त तपासलं. ड जीवनसत्त्व कमी होतं, खरोखरच कमी होतं. निवृत्तीनंतर ते सकाळी पेपर, दुपारी झोप, संध्याकाळी टीव्ही, असे घरातच. आठ पाकिटांनी गुडघे हलके वाटले. औषधाचा गुण की पहाटे फिरायला लागल्याचा, देव जाणे. बाबांचं जुनं वचन आहे, 'अधिकस्य अधिकं फलम्'. आठ संपली तशी त्यांनी फार्मसीतून आणखी आणली. चिठ्ठी कोणी मागितली नाही. पाकिटावर आठवड्याला एक असं बारीक इंग्रजीत होतं, पण त्यांचा चष्मा कायम टीव्हीपाशी. आणि मुख्य म्हणजे पूड गोड होती. "संत्र्याच्या गोळीसारखी लागते," असं त्यांनी आईला सांगितलं होतं. रात्रीच्या दुधातली साखर त्यांनी डायबेटीसच्या भीतीने सोडली होती. त्या जागी ही आली.

गोड होती म्हणूनच घोळ झाला, असं मला आता वाटतं.

आमच्या आजीचं एकही औषध गोड नव्हतं. चुलीवरच्या माळ्याला किराइताची जुडी उलटी टांगलेली असायची, धुराने काळपटलेली. पावसाळ्याच्या शेवटी उपटून वाळवलेली. ताप येऊन गेला, अंगावर पुरळ उठलं, पोटात जंत झाले असं वाटलं की दोन काड्या रात्री पेल्यात भिजायच्या आणि सकाळी अनशापोटी ते पाणी. किराईत म्हणजे काय कडू, हे ज्याने प्यायलं त्यालाच माहीत. नंतर गुळाचा खडा दिला तरी तो गूळ कडू लागे. दिवाळीच्या पहाटे अंगणात डाव्या पायाच्या अंगठ्याने कारीट फोडून त्याची बी जिभेला लावायची, आणि आमच्या घरी त्याबरोबर सातवीणीच्या सालीचा रस. तोही कडूच. मग कुठे फोव, म्हणजे पोहे. आजी पेला पुढे करायची आणि आम्ही नाक दाबून तोंड वाकडं केलं की स्वतःच पेला मागे घ्यायची. "घोटभर पुरो."

इतकी वर्षं मला वाटायचं ती दया दाखवत होती. आता वाटतं ते तिचं माप होतं. कडू चवच हात धरत होती. शिवाय झाड शोधायला रानात जायचं, साल काढायची, कुटायची, गाळायची, आणि वर्षातून ठरलेल्या दिवशीच प्यायची. इतक्या सगळ्या खटाटोपातून अतिरेक करणं कुणाला जमणार? कॅप्सूलने चव काढून टाकली, मोसम काढून टाकला, खटाटोप काढून टाकला. औषध राहिलं, माप गेलं.

पण आजीचा उदो उदो करायला बसले तर ते खोटं ठरेल. तिची दोन मुलं लहानपणीच तापाने गेली. तेव्हाही माळ्यावर किराईत होतंच. आणि कडू चव नेहमी हात धरतेच असं नाही, हे आपण कोविडच्या वर्षात पाहिलं. गुळवेल काही गोड नव्हे. तरी लोकांनी भीतीपोटी महिनोन्महिने रोज तिचा काढा प्यायला, आमच्या गल्लीत तर कुंपणावरच्या वेली बुंध्यापासून नाहीशा झाल्या. २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचं प्रसिद्ध केलं. आयुष मंत्रालयाने ते मान्य केलं नाही, दिसायला तशीच दुसरी वेल वापरली गेली असेल असं म्हटलं. वाद मिटला की नाही हा भाग वेगळा. माझ्या मनात राहिलं ते एवढंच, की कुंपणावरची वेल कुठली हे ओळखणारं माणूस आमच्या गल्लीत आता कोणी नाही. आजी पान चुरून वास घेऊन सांगायची.

इस्पितळात बाबांना पेज द्यायला परवानगी होती. दूध बंद, दही बंद, नाचणीचं तिजानसुद्धा बंद, कारण शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. एरवी जे पौष्टिक म्हणून वाखाणतो तेच त्या दिवसांत कुपथ्य. पेज मात्र चाले. उकड्या तांदळाची, जाड लाल, वर खाराची मिरची नाही की तोर, म्हणजे मिठातली कैरी, नाही, नुसतं चिमूटभर मीठ. दहा वाजताची पेज हा गोव्यातल्या घरांचा जुना नेम. माझ्या पिढीने तो मोडला, कारण सुरय, म्हणजे न उकडलेला तांदूळ पांढरा दिसतो आणि लवकर शिजतो.

त्या पेजेत केवढी मोठी गोष्ट दडलीय! भात भिजवून, उकडून, मग वाळवून कांडला की कोंड्यातलं ब-१ जीवनसत्त्व, म्हणजे थायमिन, दाण्यात आत शिरतं. नंतर कोंडा गेला तरी ते पुष्कळसं शिल्लक राहतं. कच्चा तांदूळ सडून पांढरा केला की ते कोंड्याबरोबर जातं. शिवाय ब-१ पाण्यात उतरणारं, आणि पेजेचं पाणी आपण टाकत नाही, पितो. याची किंमत काय ती जावा बेटावरच्या डच वसाहतीने एकोणिसाव्या शतकात मोजली. तिथे बेरीबेरीने माणसं लुळी पडत होती आणि क्रिस्तियान आइकमान नावाचा डॉक्टर जंतू शोधत होता. त्याच्या प्रयोगाच्या कोंबड्याही तशाच लुळ्या पडल्या, आणि मग एक दिवस आपोआप बऱ्या झाल्या. चौकशी केली तेव्हा कळलं, इस्पितळाच्या भटारखान्यातून त्यांना सैनिकांसाठी शिजवलेला पांढरा भात मिळत होता. नवा आचारी आला, त्याने ठरवलं की लष्करी भात मुलकी कोंबड्यांना द्यायचा नाही. कोंबड्या कोंड्याच्या तांदळावर आल्या आणि उभ्या राहिल्या. त्या खडूस आचाऱ्याचं नाव कुणी लिहून ठेवलं असतं तर बरं झालं असतं. आइकमानला १९२९ मध्ये नोबेल मिळालं. त्याआधी १९१२ मध्ये कासिमिर फुंक या पोलिश शास्त्रज्ञाने 'व्हिटॅमिन' हा शब्द घडवला होता. आमच्याकडे तोवर भाताची भाणं चुलीवर चढून किती पिढ्या झाल्या असतील कोण जाणे. आजीला थायमिन माहीत नव्हतं. तिला एवढंच माहीत होतं की सुरयच्या भाताने दुपारी परत भूक लागते.

बाबा दुपारी झोपले की मी इस्पितळातून निघून पणजीच्या चर्चसमोरच्या नगरपालिकेच्या बागेत जाऊन बसत असे. बाग म्हणतात खरी, पण पावसाळ्यात तिथे ओल्या बाकांशिवाय काही नसतं. तिचं नाव गार्सिया द ओर्ता. हा पोर्तुगीज वैद्य १५३४ मध्ये गोव्यात आला आणि कायमचा राहिला. १५६३ मध्ये, छापखान्याला गोव्यात येऊन जेमतेम सात वर्षं झाली होती तेव्हा, त्याने इथल्या झाडपाल्याच्या औषधांवरचं आपलं पुस्तक जुन्या गोव्यात छापलं. सगळं संवादरूप आहे. एक पाहुणा युरोपातल्या जुन्या ग्रंथांचे दाखले देतो आणि ओर्ता त्याला सांगतो की ग्रंथ राहू दे बाजूला, इथे हे झाड असं वापरतात, मी पाहिलंय. मधेच तो आपल्या दासीला हाक मारतो आणि ती पान-फळ आणून पुढे ठेवते. अंतोनिया तिचं नाव. मलूपा नावाचा हिंदू वैद्यही त्यात येतो. आपल्या 'मोडशी'चाही त्यात उल्लेख आहे, पटकी या अर्थाने. त्या शब्दाचा पोर्तुगीजांनी 'मोर्देशीं' केला आणि पुढे फ्रेंचांनी कानाला लागलं तसं 'मोर्-द-श्यें', म्हणजे कुत्र्याचं मरण! एका मराठी-कोकणी अपचनाचा केवढा प्रवास. ओर्ता १५६८ मध्ये वारला. तो जन्माने ज्यू घराण्यातला, म्हणून १५८० मध्ये धर्मन्यायालयाने त्याची हाडं थडग्यातून उकरून जाळली. आज त्याच्या नावाच्या बागेत बसून लोक फोनवर केस गळण्याच्या गोळ्या मागवतात. मीही एकदा मागवल्यात, उगीच नाकारत नाही.

तिथे बसून मला अंजदीव आठवायचं. काणकोणच्या खाली, कारवारसमोर आहे ते बेट, पण गोव्याचं. वास्को द गामा परतताना तिथे थांबला आणि ५ ऑक्टोबर १४९८ रोजी निघाला. येताना पावसाळी वाऱ्याने अरबी समुद्र तेवीस दिवसांत पार झाला होता. परतताना वारा विरोधात, आफ्रिकेचा किनारा दिसायला २ जानेवारी उजाडला. या तीन महिन्यांत हिरड्या सुजून, जुन्या जखमा पुन्हा उघडून तीस माणसं मेली. स्कर्व्ही. जहाजावर पुरुमेंत भरपूर होतं, सुकी बिस्किटं, खारवलेलं मांस, पण त्यात क जीवनसत्त्व नव्हतं.

पुढे त्याच जहाजांनी आणलेली झाडं म्हणजे जणू क जीवनसत्त्वाची दुकानं. काजू आला, पेर म्हणजे पेरू आला, पपई, अननस, मिरची. काजूच्या बोंडात संत्र्याच्या चौपट-पाचपट क जीवनसत्त्व असतं. एप्रिलमध्ये डिचोली-सत्तरीच्या डोंगरांवर बोंडं मळतात तेव्हा पहिल्या धारेचा नीरो, म्हणजे बोंडांचा ताजा रस, आम्ही लहान मुलं तिथल्या तिथे पीत असू. दुपारपर्यंत आंबतो, बाटलीत भरून ठेवता येत नाही. आणि मिरची तर फारच पुढे गेली. क जीवनसत्त्व वेगळं काढणारा हंगेरियन शास्त्रज्ञ आल्बेर्ट सेंट-ज्यॉर्जी याला ते पुरेसं मिळेना. एका रात्री बायकोने जेवणात ताजी लाल मिरची दिली, खायची इच्छा नव्हती म्हणून ती त्याने प्रयोगशाळेत नेली, अशी त्याने स्वतः सांगितलेली गोष्ट आहे. मिरचीतून किलोच्या हिशेबात क जीवनसत्त्व निघालं. १९३७ मध्ये नोबेल. नावडतं ताट टाळायची सबब एवढी फळाला आलेली मी तरी दुसरी ऐकलेली नाही.

डब्यातल्या हळदीच्या कॅप्सूलवर डॉक्टर जास्त वेळ थांबले. हळदीबद्दल आम्हा गोवेकरांना थोडा जास्त अभिमान आहे. १९९५ मध्ये अमेरिकेत हळदीने जखम भरण्याचं पेटंट दिलं गेलं तेव्हा ते लढून रद्द करून घेणाऱ्या सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेचे तेव्हाचे प्रमुख रघुनाथ माशेलकर आमच्या माशेलचे. जुन्या ग्रंथांचे उतारे पुरावा म्हणून मांडले आणि १९९७ मध्ये पेटंट गेलं. बाबा हे वर्गात सांगायचे, दरवर्षी, त्याच उत्साहाने. पण जखमेवर लावलेली हळद वेगळी आणि कॅप्सूलमधली वेगळी. हळदीत कुर्क्युमिन असतं तीन टक्क्यांच्या आसपास आणि तेही पोटातून रक्तात फारसं उतरत नाही. म्हणून कॅप्सूलमध्ये अर्क भरतात आणि जोडीला मिरीतलं पायपरीन, म्हणजे शोषण कैक पटींनी वाढावं. ते वाढतं. फक्त पायपरीन इतर औषधांचंही शोषण बदलू शकतं, आणि बाबांना रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू आहे. "आमटीतली हळद खाऊ द्या," डॉक्टर म्हणाले, "पातोळ्यांची पानंसुद्धा. हे मात्र मी ठेवून घेतो."

बाकीच्या बाटल्यांचा निकाल झटपट लागला. माशाच्या तेलाच्या कॅप्सूल बघून आई रागावली. दाराशी तारले मासे येतात ते बाबांना वास येतो म्हणून नकोत, आणि तेच तेल चकचकीत बाटलीतून चालतं. गोव्यात तारले माडांच्या आळ्यात खत म्हणून घालतात, इतके उदंड. शेवग्याची पूड आणली होती साडेचारशे रुपयांना, आणि परसातल्या शेवग्याची पानं अष्टमीच्या भाजीपुरती वर्षातून एकदा काढली जातात. वजन घटवणारी बाटली माझ्या भावाची, बाबांनी 'वाया जाईल' म्हणून संपवायला घेतलेली. लेबलावर 'गार्सिनिया' आणि एका फळाचं चित्र. आईने चष्मा लावून पाहिलं. "हें आमचें भिरंड न्हू?" भिरंड म्हणजे कोकम. अगदी तेच नव्हे, पण सख्खं चुलत भावंड. (गार्सिनिया हे नाव बागेतल्या ओर्तावरून पडलं असं पुष्कळांना वाटतं. ते लॉरां गार्सें या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञावरून आहे.) भिरंडाच्या सालीतलं जे आम्ल आपल्या सोलकढीत थोडं उतरतं, त्याचा दाट अर्क या गोळ्यांत असतो. वजन घटल्याचा पुरावा तुटपुंजा, आणि यकृत बिघडल्याच्या नोंदी मात्र निरनिराळ्या देशांतून आहेत. अश्वगंधेवर तर डेन्मार्कने २०२३ मध्ये बंदीच घातली. मला ती बंदी जरा अती वाटते. पण बाबा ती कशासाठी घेत होते, हे डॉक्टरांनी विचारलं तेव्हा आमच्यापैकी कुणालाच सांगता आलं नाही.

हे वाचून कुणी आपल्या गोळ्या गटारात ओतायला निघालं असेल तर थांबा. माझ्या सासूबाई सत्तरी तालुक्यातल्या. कुळागरातलं भटाचं घर, मासा सोडा, अंडंही दारात आलेलं नाही. चार वर्षांपूर्वी त्यांच्या पायांना मुंग्या यायला लागल्या, जीभ लाल गुळगुळीत झाली, विहिरीवर जाऊन कशाला आलो तेच विसरायच्या. वय झालं, असं सगळ्यांनीच म्हटलं. मीही म्हटलं, आणि त्याची मला अजून लाज वाटते. ब-१२ जवळजवळ तळाला गेलं होतं. हे जीवनसत्त्व झाडं बनवत नाहीत, जंतू बनवतात, आणि आपल्यापर्यंत ते मासे, मांस, अंडी, दूध यांतूनच येतं. तिसऱ्या-खुब्यांत तर ते ठासून भरलेलं असतं. सासूबाईंच्या वाट्याला फक्त ताक होतं, त्यात डायबेटीसची मेटफॉर्मिन, जी ब-१२चं शोषण आणखी कमी करते. इंजेक्शनं सुरू झाली आणि दोन महिन्यांत त्या सुपारीचा हिशेब तोंडी करायला लागल्या, आमच्या गड्याच्या दुर्दैवाने. जगातल्या कुठल्याही भाजीने, काढ्याने ते झालं नसतं.

असंच मुंबईत झालं होतं. १९२८ मध्ये लूसी विल्स ही इंग्रज डॉक्टर तिथे आली. गिरण्यांत काम करणाऱ्या गरोदर बायका रक्त कमी होऊन मरत होत्या आणि लोह देऊन उपयोग होत नव्हता. तिला शेवटी गुण आढळला तो यीस्टच्या स्वस्त अर्कात, इंग्रज लोक पावाला लावतात त्या मार्माइटमध्ये. १९३१ मध्ये तिने ते प्रसिद्ध केलं. त्यातला गुणकारी घटक पुढे फॉलिक अॅसिड म्हणून ओळखला गेला. आज दिवस राहण्याआधीपासून बाईला रोज ४०० मायक्रोग्रॅम द्यावं असं सांगतात, कारण बाळाच्या पाठीच्या कण्याचे पुष्कळसे दोष त्याने टळतात. माझ्या मुलीला मी ती गोळी फोन करकरून घ्यायला लावली. तिथे मी कुठलाही ललित विचार केला नाही.

ज्याला कमी आहे त्याला दिलं की चमत्कार होतो. ज्याला पुरेसं आहे त्याला दिलं की बहुतेक वेळा काहीच होत नाही, आणि कधीकधी उलटं होतं. फिनलंडमध्ये २९,१३३ सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांवर मोठा प्रयोग झाला, गाजरात असतं ते बीटा-कॅरोटीन कॅन्सर टाळेल या आशेने. १९९४ मध्ये निकाल आला. गोळी घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कॅन्सर अठरा टक्के जास्त. गाजर, भोपळा, पपई खाणाऱ्यांना कॅन्सर कमी होतो हे पाहूनच तर गोळी केली होती. पपईत आणखी काय काय होतं, किंवा पपई खाणारा माणूस आणखी काय काय करत होता, ते बाटलीत उतरलं नाही.

पाचव्या दिवशी सकाळी सलाईनची बाटली बदलायला नर्स आली होती. बाबा खिडकीकडे तोंड करून पडले होते. बाहेर पाऊस कोसळत होता. मी आईशी घरच्या छपराबद्दल काहीतरी बोलत होते, तेवढ्यात ते म्हणाले, "चौऱ्याऐंशी."

"काय?"

"बारा साते. मघाशी विचारलंस ना." त्यांच्या हिशेबी ते मघाशीच होतं.

ऑगस्टअखेर कॅल्शियम साडेनऊवर आलं. आईने डबा साबणाने तीनदा धुतला, उन्हात वाळवला, दोन दिवस लिंबाच्या साली घालून ठेवला आणि चवथीला त्यात नेवऱ्या, म्हणजे करंज्या, भरल्या. बी-कॉम्प्लेक्सचा वास पत्र्यात मुरतो हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. त्या वर्षी गणपतीला आलेल्या प्रत्येकाने नेवरी तोंडात घातली, क्षणभर थांबला, आणि आईकडे बघून "बरी झालीय" म्हणाला. बाबा मात्र बशी पुढे सरकवून म्हणाले, याला औषधाचा वास येतो, मी खाणार नाही.